दान्तेची नाव आणि पाण्याचे थेंब

प्रश्न : जुन्या दिनदर्शिकेत नावेत उभे असलेले दोन पुरुष आणि भोवती पाण्यात तडफडणारी उघडी शरीरे, असे एक चित्र पाहिले. खाली ‘दान्तेची नाव – देलाक्रवा’ एवढेच छापले होते. हा प्रसंग कुठला आणि चित्रकाराने तो काव्यात आहे तसाच रंगवला आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : हा प्रसंग इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यातील नरकखंडाच्या आठव्या सर्गातला आहे. काव्यात दान्ते स्वतःच नरकाची यात्रा करतो; इथे नाविक फ्लेगियास दान्ते आणि त्याचा मार्गदर्शक, प्राचीन रोमन कवी व्हर्जिल, यांना नरकातल्या स्टिक्स नदीच्या पलीकडे नेतो आहे. मागे नरकातली दिस नगरी जळते आहे. फ्रेंच चित्रकार यूजेन देलाक्रवाने हे तैलचित्र १८२२च्या पॅरिसच्या सलोन प्रदर्शनात मांडले, तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता. जवळजवळ अडीच मीटर रुंदीचे हे चित्र आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

प्रसंग तोच असला, तरी भाव बदललेला आहे. काव्यातला स्टिक्स म्हणजे चिखलाची दलदल. चित्रात मात्र खवळलेल्या लाटा आहेत. काव्यात नावेला हात घालणाऱ्या फिलिप्पो अर्जेंती या पापात्म्याला दान्ते संतापाने झिडकारतो आणि व्हर्जिल त्या संतापाबद्दल त्याची पाठ थोपटतो. चित्रातला लाल शिरोवस्त्र घातलेला दान्ते मात्र भेदरून हात वर उचलतो आहे, आणि शेजारी व्हर्जिल निश्चल उभा आहे. पाण्यातल्या एका पापात्म्याने तर नावेच्या काठातच दात रोवले आहेत. शब्दाशी प्रामाणिक राहण्यापेक्षा जिवंत माणसाची भीती दाखवणे देलाक्रवाला महत्त्वाचे वाटले, आणि माझ्या मते त्याने योग्य तेच केले.

मूळ चित्र पाहण्याचा योग आला, तर पापात्म्यांच्या अंगावरचे पाण्याचे थेंब अगदी जवळ जाऊन पाहा. लांबून लख्ख चमकणारा एकेक थेंब म्हणजे प्रत्यक्षात पांढऱ्या, हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगाचे, एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी ठेवलेले छोटे फटकारे आहेत. ते एकत्र येतात ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. ही युक्ती देलाक्रवाला सतराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार रूबेन्सने रंगवलेल्या सागरकन्यांच्या ओल्या अंगांवरून सुचली. दिनदर्शिकेच्या छपाईत हे रंग एकमेकांत मिसळून जातात, त्यामुळे तुमच्या प्रतीत त्या जागी बहुधा नुसते पांढरे ठिपके दिसत असतील.