छकुली पिल्लांना पापी देते, चालेल का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी जुळे सोलापूरला राहते, लेक चार वर्षांची आहे. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेला माझा भाऊ आला तेव्हा भाचीसाठी बदकाची दोन आणि राजहंसाची दोन अशी चार पिल्लं खोक्यात घालून घेऊन आला, मला न विचारता. आता लेक दिवसभर त्यांच्यापाशीच, उचलते काय, पापी काय घेते, परवा तर एकाला पांघरुणात घेऊन झोपली होती. सासूबाई म्हणतात रोग होईल देऊन टाका, आणि देऊ म्हटलं की लेक रडून घर डोक्यावर घेते. त्यात दोन दिवस झाले बदकाचं एक पिल्लू नीट उभंच राहत नाही, पाय फाकतात त्याचे. खोक्यात पेपर अंथरलाय, खायला तांदूळ आणि पोळीचा कुस्करा देते. काय करू?

उत्तर : तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, पण असंच विचारणारे अजून बरेच असतात म्हणून सगळं परत लिहिते. आधी ते पाय फाकणारं पिल्लू, कारण बाकीचं दोन दिवस थांबेल, ते थांबणार नाही. पेपर आजच काढा. पेपर गुळगुळीत, त्यावर पिल्लाचा पाय घसरतो आणि कोवळे सांधे बाहेरच्या बाजूला ताणले जातात. धुतलेलं बारदान नाहीतर जुना टॉवेल अंथरा, पायाला पकड मिळाली पाहिजे. दुसरं कारण पोटातलं. बदकाच्या पिल्लाला नियासिन म्हणजे बी-३ जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं, ते कमी पडलं की पाय वाकतात, पिल्लू बसूनच राहतं. तांदूळ आणि पोळीवर ही गरज भागत नाही हो. पोल्ट्रीच्या दुकानातून चिक स्टार्टर म्हणजे कोंबडीच्या लहान पिल्लांचं तयार खाद्य आणा, औषध न मिसळलेलं मागा, त्यात ब्रूअर्स यीस्ट (बियर करताना वापरतात त्या यीस्टची पावडर) मिसळा. ते नाही मिळालं तर बी-कॉम्प्लेक्सचं पातळ औषध मिळतं, पण किती द्यायचं ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारून, आणि त्यांना पिल्लू दाखवाच. हिवाळ्यात मटार स्वस्त असतो, चार दाणे मऊ उकडून कुस्करून द्या, आवडीनं खातात आणि थोडं नियासिनही मिळतं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. आपल्या सोलापुरात घरोघरी शेंगा, त्यामुळं पेंड नाहीतर उरलेलं कूट पिल्लांना टाकायची सवय असते. बुरशी धरलेल्या शेंगेतलं विष बदकाच्या पिल्लाला इतकं बाधतं की विचारू नका. १९६० साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, बदकाची पिल्लंही गेली, आणि शोध घेतला तर ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत बुरशी निघाली, त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष माणसाला कळलं. म्हणून खवट वास आला तर फेकून द्या, ओलं झालेलं खाद्य संध्याकाळी काढून टाका, उद्याला ठेवू नका.

आता लेकीचं. सासूबाई चुकीचं बोलत नाहीत. पिल्लू दिसायला ठणठणीत असलं तरी त्याच्या विष्ठेत आणि तिथून पिसांवर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, मोठ्या माणसाला त्यांचा आजार झाला तर चार दिवस जुलाब, पण लहान मुलाला तो हॉस्पिटलपर्यंत नेऊ शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांनी पिल्लं हाताळूच नयेत असं डॉक्टर सांगतात. पापी बंद, पांघरूण तर बंदच बंद (झोपेत कूस वळली तर पिल्लाचं काय होईल ते तुम्हाला सांगायला नको). पिल्लांचं खोकं स्वयंपाकघरात नको, त्यांची भांडी खरकट्याबरोबर नकोत, बाहेरच्या मोरीत वेगळ्या बादलीत धुवा. जवळ गेली की साबणानं हात, तुमच्यासमोर, वीस आकडे मोजून. कधी ताप आणि जुलाब दोन्ही झाले तर डॉक्टरांना आपणहून सांगा की घरात पिल्लं आहेत.

पण नुसतं नको नको म्हणून चार वर्षांचं पोर ऐकत नाही, तिला हात लावायचा असतो कारण तिला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं असतं. मग काम द्या ना. माझा मुलगा लहान होता तेव्हा त्याला मी राखणदार केलं होतं. त्यानं पाटावर बसून बघायचं आणि मला येऊन सांगायचं, पिल्लं उबेसाठी लावलेल्या बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असली तर थंडी वाजतेय, लांब पळून चोच उघडी टाकून धापा टाकत असली तर उकडतंय, पसरून गप झोपली असली तर बरोबर. आठ दिवसांत तो माझ्याआधी ओळखायला लागला. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३२ डिग्रीच्या आसपास ऊब लागते, नंतर दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी करत जायचं, म्हणजे बल्ब थोडा वर उचलायचा. एलईडीचा उपयोग नाही, त्यात ऊब नसते, जुना पिवळा साठ वॅटचा बल्ब शोधा आणि तो पक्का बांधा, लेकीच्या हाताला वायर लागणार नाही असा. रात्री लाईट गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची. आणि हेच तुम्ही मे महिन्यात विचारलं असतं तर मी दिवसा बल्ब लावूच नका म्हटलं असतं, आपला उन्हाळा तुम्हाला माहितीच आहे.

पाण्याचं नीट ऐका. बदक कोरडं खाऊच शकत नाही, दोन घास खातं, पळत पाण्याशी जातं, चोच नाकापर्यंत बुडवतं, फुर्र करून बुडबुडे काढतं, परत खायला. म्हणून खाद्याशेजारी पाणी हवंच, चोच बुडेल इतकं खोल पण पिल्लू आत पडणार नाही असं भांडं. पोहायची घाई करू नका. आई असलेल्या पिल्लाच्या अंगाला तिच्या पिसांचं तेल लागतं, आपल्याकडच्या पिल्लाला ते मिळत नाही, त्याची लव भिजते आणि ते गारठतं. मी हे पुस्तकातलं सांगत नाही. घमेल्यात पाणी घालून मी एक पिल्लू सोडलं होतं, फोन आला, आत गेले, बोलण्यात वेळ गेला, येऊन बघते तर काठ उंच म्हणून त्याला बाहेर येता आलं नव्हतं, ओलं गच्च, मान टाकलेलं. चुलीपाशी धरून बसले तासभर, वाचलं नाही. मुलगा शेजारीच उभा होता. तेव्हापासून कोमट पाणी, बोटभर, आत एक वीट चढायला, दोन-तीन मिनिटं, आणि मी हलत नाही तिथून. नंतर पुसून परत बल्बखाली. नळाला रोज पाणी नाही हे मलाही माहितीये, पण त्यांचं घाण पाणी जास्वंदीला घाला, वाया जात नाही.

राजहंसाची पिल्लं त्यामानानं सोपी, त्यांना हिरवं हवं. फवारणी न केलेली हरळी, चिरलेली मेथी, सोबत चिमूटभर बारीक वाळू. मेथी चिरायची तुम्ही, टोपल्यात टाकायची लेकीनं. लेक दिसली नाही की पिल्लं ओरडतात म्हणालात फोनवर, तो त्यांचा स्वभावच आहे, अंड्यातून निघाल्यावर जे हलतं-बोलतं दिसेल त्याच्या मागं जातात. कोनराड लोरेन्झ म्हणून ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ होते, त्यांच्यामागं अशी राजहंसाची पिल्लं रांगेनं फिरायची, त्यांना १९७३ चं नोबेलही मिळालं. दोन-दोन आहेत ते बरं आहे, एकटं असतं तर झुरलं असतं.

प्रश्न : आमचा राजहंस दोन वर्षांचा झाला, आता नातवाच्या अंगावर फिस्कारत धावतो. मारावं का? — एक आजोबा, अक्कलकोट रोड

उत्तर : मारू नका आजोबा, मारून तो जास्त चिडेल. मादी अंडी घालायच्या दिवसांत नर असा करतोच, तो राखण करतोय. पण त्याची चोच नातवाच्या तोंडाच्या उंचीला येते, म्हणून मध्ये जाळी हवी, आणि मूल अंगणात असताना मोठं माणूस हवंच. पळायचं नाही, तोंड त्याच्याकडं ठेवून हळू मागं यायचं हे नातवाला शिकवा.

प्रश्न : सांभाळणं जमलं नाही तर बदकं कंबर तलावात सोडली तर चालेल का?

उत्तर : नाही. हिवाळ्यात आपल्याकडं हिमालय ओलांडून पट्टकादंब हे रानातले हंस येतात ते बघून वाटतं की पाणी म्हटलं की झालं, पण पाळीव बदकाला ना धड उडता येतं, ना स्वतःचं पोट भरायची सवय असते, पहिल्या रात्री कुत्री नेतात, आणि आपल्या पक्ष्यांचा आजार त्या पाहुण्यांना लागू शकतो. मोहोळ, पंढरपूर भागात शेततळं असलेलं कुणी ओळखीचं असेल तर आधी जाऊन जागा बघा, रात्रीचं खुराडं बंद होतं का ते विचारा. आणि द्यायला जाताना लेकीला बरोबर न्या, तिच्या हातानं मेथी टाकू द्या, गुपचूप नेऊन सोडू नका.