इंग्रजीत मण्याला 'बीड' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'प्रार्थना' होता, हे खरं आहे का?

हो, अगदी खरं आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'बीड'चं रूप होतं 'गेबेद', आणि त्याचा अर्थ प्रार्थना. मण्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जर्मनमधला त्याचा सख्खा भाऊ 'गेबेट' आजही प्रार्थनाच आहे.

मणी आला तो मोजण्यातून. मध्ययुगात ज्यांना लॅटिन वाचता येत नसे, ते बायबलमधल्या 150 स्तोत्रांऐवजी 150 वेळा 'प्रभूची प्रार्थना' (येशूने शिकवलेली प्रार्थना) म्हणत. तेवढी मोजायची तर हाताशी काहीतरी हवंच. 11व्या शतकात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या लेडी गोडिवा या उमराव स्त्रीने आपली रत्नांची माळ तिथल्या मठाला दिली होती. तिच्यानंतरच्या शतकातला इतिहासकार विल्यम ऑफ माम्सबरी लिहितो, की म्हणताना आकडा चुकू नये म्हणून ती एकेक रत्न बोटांनी चाचपत असे.

लोक म्हणत, 'तो बीड टेल करतोय', म्हणजे प्रार्थना मोजतोय. ('टेल' म्हणजे तेव्हा मोजणं, बँकेतला 'टेलर' त्यातलाच.) पण बघणाऱ्याला दिसायचे ते बोटांखालून सरकणारे मणी. हळूहळू शब्द ओठांवरून बोटांवर उतरला आणि 14व्या शतकात 'बीड' म्हणजे मणी हा अर्थ रूढ झाला. पुढे इंग्लंड रोमच्या पोपपासून फुटून प्रोटेस्टंट झालं. 1571च्या कायद्याने रोमहून आशीर्वाद घेऊन आलेल्या जपमाळा देशात आणायलाही बंदी केली. शब्द मात्र टिकला, आणि आता तर कपाळावरच्या घामाच्या थेंबालाही बीड म्हणतात.

मला यात सगळ्यात जास्त काय भावतं सांगू? आपण नेमके उलटे गेलो. तिकडे प्रार्थनेचं नाव मण्याला मिळालं, आपल्याकडे माळेचं नाव जपाला. माझी आजी तुळशीच्या 108 मण्यांची माळ ओढायची. अंगठा आणि मधल्या बोटात मणी, तर्जनी अलगद बाजूला, मेरुमणी आला की माळ उलटी फिरवायची. पण 'जप केला' असं ती कधीच म्हणाली नाही. 'आज अकरा माळा झाल्या,' एवढंच.

गोव्यात तर तिसरीच तऱ्हा. तिथले ख्रिस्ती संध्याकाळी घरोघरी 'तेर्स' म्हणतात. हा पोर्तुगीज 'तेर्सु', म्हणजे एक तृतीयांश: पूर्वीच्या पूर्ण रोझरीतल्या (माळेवरच्या जपातल्या) 150 'नमो मारिया' प्रार्थनांपैकी 50. तिथे ना मणी, ना प्रार्थना. प्रार्थनेचं नाव झाला तो नुसता हिशेब.