‘वापरशील का?’ हा प्रश्न खोडून टाक

प्रिय मित्रा,

तुझ्या अ‍ॅपच्या कल्पनेचा फॉर्म पाहिला. मेसचे खाडे, म्हणजे न जेवलेले दिवस, अ‍ॅपवर टाकायचे, तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते व्हायचे. ‘असं अ‍ॅप आलं तर वापराल का?’ याला भराभर ‘हो’ आले, आणि पन्नास रुपये भरून नाव नोंदवा म्हटल्यावर सगळे गप्प. गप्प बसणारच. ‘हो’ म्हणायला पैसे पडत नाहीत. त्यातून समोर आपलाच दोस्त असला की ‘मस्त आहे बे’ म्हणून माणूस मोकळा होतो.

पुढचं विचारू नको, मागचं विचार.

गेल्या महिन्यात किती दिवस मेसमध्ये जेवला नाहीस? कुठे होतास? आधी कळवलं होतंस का, तोंडी की व्हॉट्सअ‍ॅपवर? पैसे वळते झाले का? नाही झाले, तर मग काय केलंस? सगळं सार या शेवटच्या प्रश्नात आहे. एक जण म्हणेल, ‘काय करणार, सोडून दिलं.’ दुसरा कॅलेंडरवर खुणा करून दर महिन्याला मेसवाल्या काकूंशी हुज्जत घालत असेल. गिऱ्हाईक झालंच तर हा दुसरा होईल. ज्यानं आजवर काहीच खटपट केली नाही, तो तुझ्या अ‍ॅपसाठी कशाला करेल?

आणि ‘विद्यार्थी’ असा एकच गठ्ठा बांधू नको. आपल्या नागपुरातच बघ: बजाजनगरात खोली करून राहणारा, हिंगणा रोडचा इंजिनिअरिंगवाला आणि मेडिकलचा रात्रपाळी करणारा इंटर्न, यांचे खाडे सारखे नसतात. वर्ध्या-भंडाऱ्याचा पोरगा शनिवारी घर गाठतो. गडचिरोलीचा सणावारीच जातो. एका वेळी एकच प्रकार घे, त्यातले आठ-दहा जण गाठ. सलग तिघांकडून नवं काही निघालं नाही की थांब, पुढच्या प्रकाराकडे वळ. तुझ्या वर्गातले, तुझ्या रूमवरचे नकोत. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच विचारत असशील तर हिशेब त्याच्या आधीच्या महिन्याचा घे, नाहीतर सगळ्यांचेच खाडे फुगलेले दिसतील.

काकूंना तू विसरलासच, याचा मला राग आहे. पैसे त्यांच्या खिशातून जाणार! साडेतीन ते पाचच्या मधे जा. दुपारची पंगत उठलेली असते, रात्रीची कणीक मळायची असते. ‘गेल्या महिन्यात कुणाचे खाडे धरले, कुणाचे नाही?’ असं विचार. वही दाखवतील का, तेही बघ. काही मेसमध्ये सलग दोन-तीन दिवसांपेक्षा कमी असेल तर खाडा धरतच नाहीत. का, ते खोदून काढ. पोरगा सकाळी दहाला कळवतो तेव्हा भाजी चिरून झालेली असते, वरण शिजलेलं असतं. तो आला नाही म्हणून खर्च कमी होत नाही. आता सांग, कळवण्याची सोय नाही म्हणून खाडा अडतोय, की काकूंना तो परवडत नाही म्हणून? दुसरं कारण निघालं तर तुझं अ‍ॅप भांडण फक्त मोबाइलवर आणेल. हे ‘वापराल का?’ विचारून सात जन्मात कळलं नसतं.

बोलायला दोघं जा: एकानं विचारायचं, एकानं लिहायचं. वीस मिनिटं पुरेत. अ‍ॅपचा चकार शब्द काढायचा नाही, स्क्रीन दाखवायची नाही. ‘मी नेहमी कळवतो’ असं कुणी म्हणालं की लगेच, ‘शेवटचं कधी कळवलंस?’ चॅट दाखवायला तयार असेल तर तारीख लिहून घे. उत्तरानंतर तोंड बंद ठेव. मनात पाच आकडे मोज, खरं बहुतेक वेळा त्यानंतर बाहेर येतं. त्याच संध्याकाळी त्यांच्याच शब्दांत तीन रकाने भर: घडलेलं, मत, आश्वासन. मोजताना फक्त पहिला धर.

मी फार ताणतो असं वाटत असेल. तुझे फॉर्मचे आकडे स्पर्धेच्या स्लाइडवर झकास दिसतील, परीक्षकही माना डोलावतील. स्पर्धा जिंकायची असेल तर खुशाल वापर. धंदा करायचा असेल तर मागचं विचार. या एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, आणि त्यापायी कुणी हेकट म्हणालं तर म्हणू दे.

गप्पा संपताना एखादा स्वतःहूनच म्हणाला, ‘यावर काहीतरी काढा यार,’ तर हुरळू नको. त्याच्या काकूंशी गाठ घालून द्यायला सांग. देतो की टाळतो, ते पहिल्या रकान्यात लिही.

आणि बाहेर पडण्याआधी कागदावर एक आकडा लिहून त्यावर तारीख टाक: खाड्याचे पैसे मिळवायला काही खटपट केलेले दहांत चौघेही निघाले नाहीत, तर कल्पना बंद. चार की पाच ते तू ठरव, पण आधी ठरव. नंतर ठरवलास तर सोयीचाच निघेल. पहिल्या पाच जणांच्या नोंदी नावं काढून मला पाठव. मतांचा रकाना मी वाचणार नाही.