सेटअप स्क्रिप्टमध्ये युजर बदलला की व्हेरिएबल रिकामं होतं. सूडोला -ई लावू का?

तुम्ही लिहिलंय की सर्व्हर उभा करायच्या स्क्रिप्टमध्ये रूट (सर्वाधिकारी युजर) असताना डेटाबेसचा पासवर्ड आणि फोल्डरचा पत्ता एक्स्पोर्ट केला, मग 'एसयू डॅश' (युजर बदलायची लिनक्स कमांड) करून ॲपच्या युजरवर गेलात, आणि तिथे दोन्ही रिकामे निघाले. ऑफिसात कुणीतरी सांगितलं की एसयू सोडा, सूडो (दुसऱ्या युजरच्या अधिकाराने एखादी कमांड चालवणारा) घ्या आणि -ई (कॅपिटल) लावा, सगळं पलीकडे पोचतं.

नका लावू.

रिकामं का होतं ते आधी. एक्स्पोर्ट केलेलं व्हेरिएबल पोटच्या प्रोसेसला मिळतं, पण एसयूला डॅश दिला की ते नव्याने लॉगिन झाल्यासारखं जवळपास सगळं पुसून टाकतं. सूडोही एन्व्ह-रीसेट हा नियम लावून मोजकी व्हेरिएबलं सोडली तर बाकी गाळतो. हे मुद्दाम केलेलं आहे. पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे), एलडी-प्रीलोड (आधी कुठली लायब्ररी जोडायची) असल्या व्हेरिएबलांनी प्रोग्रॅमचं वागणं बदलता येतं, आणि एका युजरने ठरवलेलं वागणं दुसऱ्याच्या अधिकाराने चालू नये. २०१४ मध्ये शेलशॉक हा दोष उघड झाला तेव्हा तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दडवलेल्या कमांड बॅश (कमांडी वाचून चालवणारा शेल) सुरू होतानाच चालवत होता. त्यानंतरही 'अख्खं एन्व्हायर्नमेंट जाऊ दे' असं कुणी सांगतं तेव्हा मला चीड येते. एक खोली उघडायची असेल तर तिची किल्ली द्यावी, अख्खा जुडगा देऊ नये.

आता मी एवढ्या तावातावाने का लिहितोय ते सांगतो.

पुण्यात मी ज्या कंपनीत होतो तिथे दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या उबंटू सर्व्हरवर एक सेटअप स्क्रिप्ट चालायची. रूटवर पॅकेजेस, पोस्टग्रेस युजरवर डेटाबेस, आणि शेवटी ॲपच्या युजरवर कॉन्फिगची फाइल. पासवर्ड स्क्रिप्टच तयार करायची, वीस अक्षरांचा, चिन्हांसकट. बहुतेक ठिकाणी सगळं सुरळीत व्हायचं. पण मधूनच एखाद्या दुकानात ॲप उठायचं नाही, आणि लॉगमध्ये पोस्टग्रेसचा संदेश दिसायचा की पासवर्ड चुकीचा आहे. स्क्रिप्ट पुन्हा चालवली की चालायचं! त्यामुळे 'पुन्हा चालवा' हाच अधिकृत उपाय ठरला. आमच्या टीम लीड सरांचं ठाम मत होतं की पोस्टग्रेस उठायला वेळ घेतो. त्यांनी स्क्रिप्टमध्ये स्लीप, म्हणजे काही सेकंद थांबायची ओळ, टाकला, मग तो वाढवला, मग आणखी वाढवला. फोन मात्र मला यायचे. समोर दुकान उघडून बसलेला माणूस, काउंटरवर गिऱ्हाइकं, आणि मी त्याला सांगतोय की थांबा, पुन्हा चालवू.

सांगलीच्या एका दुकानात तेच झालं तेव्हा मी ती स्क्रिप्ट पुन्हा चालवू दिली नाही. पासवर्ड स्क्रीनवर न दाखवता दोन्हीकडे फक्त त्याची लांबी छापली. रूटकडे वीस, ॲपच्या कॉन्फिगमध्ये अठरा. स्लीप कितीही वाढवला तरी अक्षरं खाल्ली जात नाहीत, एवढं तिथेच कळलं.

झालं होतं असं. ॲपच्या युजरवर जाताना स्क्रिप्टमध्ये सूडोखाली बॅश आणि त्याला हिअरडॉक (स्क्रिप्टमध्येच दोन खुणांमध्ये लिहिलेला मजकूर) दिला होता, सुरुवातीच्या खुणेला कोट न लावता. कोट नसले की हिअरडॉकमधली व्हेरिएबलं बाहेरचा शेल, म्हणजे रूटचा शेल, आधीच भरून टाकतो, आणि तयार झालेला मजकूर आतला बॅश नव्याने, कोड म्हणून वाचतो. त्या दिवशीच्या पासवर्डात डॉलरच्या पुढे ४ आला होता. आतल्या बॅशला ते चौथं आर्ग्युमेंट, म्हणजे कमांडपुढे दिलेलं चौथं मूल्य, वाटलं. ते नव्हतंच, म्हणून त्या जागी काहीच आलं नाही आणि दोन अक्षरं गेली. डेटाबेसकडे तोच पासवर्ड पीएसक्यूएल या पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या व्हेरिएबलमधून जायचा, म्हणून तिथे तो अख्खा. पुन्हा चालवलं की नवा पासवर्ड, त्यात बहुधा डॉलर नाही, आणि सगळं ठीक.

सरांनी काय केलं? पासवर्डातून चिन्हं काढून टाकली. 'आता बघ, एकही फोन येणार नाही.' मी म्हटलं, सर, बिघाड पासवर्डात नाही, तो पलीकडे नेण्याच्या पद्धतीत आहे. उत्तर आलं, काम चालतंय ना?

मग म्हापशाचं एक दुकान आलं. मालकांचं आडनाव डिसूझा, रोमी लिपीत डीनंतर अपॉस्ट्रॉफी. दुकानाचं नाव त्याच हिअरडॉकमधून सिंगल कोटमध्ये जात होतं. अपॉस्ट्रॉफीने तो कोट मधेच बंद केला, शेवटचा कोट एकटा पडला, आणि बॅशने जोडीचा कोट सापडत नाही म्हणून अर्ध्यावर हात टेकले. यावरची सूचना ऐका: नावातून ते चिन्ह काढायला सांगा. जीएसटीच्या बिलावर विक्रेत्याचं नाव असावंच लागतं, आणि त्या माणसाने ते आयुष्यभर तसंच लिहिलेलं. आपली स्क्रिप्ट दोन ओळी नीट लिहायची नाही म्हणून त्याने आपलं आडनाव बदलून छापायचं? त्या मीटिंगमध्ये माझा आवाज चढला आणि त्याबद्दल मला आजही वावगं वाटत नाही.

त्यानंतर पुढे आला तो तुमचाच -ई. हिअरडॉकला कोट लावा आणि सूडोला -ई द्या, म्हणजे व्हेरिएबलं आपोआप जातील. केलं. व्हेरिएबलं पलीकडे पोचली, पण त्यांच्याबरोबर होमही पोचलं, म्हणजे युजर ॲपचा आणि होम फोल्डर रूटचं. इन्स्टॉलर स्वतःची कॅश लिहायला रूटच्या घरात शिरू लागला आणि परवानगी नाही म्हणून आपटला. यावर पुढची सूचना अशी की रूटच्या फोल्डरच्या परवानग्या सैल करा. तिथे मी स्पष्ट नाही म्हटलं. उलट दिशेला तर आणखी वाईट: साध्या युजरवरून -ई लावून रूट झालात की तुमच्याच होममध्ये रूटच्या मालकीच्या फाइली पडतात आणि पुढे कधीतरी भलत्याच जागी अडवतात. आणि 'सगळं पोचतं' हेही खरं नाही. सूडोच्या नियमांत सिक्युअर-पाथ (आधीच ठरवून दिलेला पाथ) असेल, आणि उबंटूवर तो असतोच, तर -ई लावूनही तुमचा पाथ पलीकडे जात नाही.

मी जे लिहिलं आणि जे शेवटी त्या स्क्रिप्टमध्ये गेलं ते असं. सूडोने युजर बदला, पुढे बॅशला -एस द्या, मग दोन डॅश, मग हवी तेवढीच मूल्यं एकेक करून, प्रत्येक डबल कोटमध्ये. शेवटी हिअरडॉक, आणि त्याच्या सुरुवातीच्या खुणेला सिंगल कोट. आत पहिल्याच ओळींत डॉलर एक, डॉलर दोन यांना नीट नावं द्या. आता बाहेरचा शेल आतल्या मजकुराला हात लावत नाही आणि आतला बॅश मूल्यांना कोड समजत नाही. डॉलर असो, अपॉस्ट्रॉफी असो, 'श्री गणेश' मधली मोकळी जागा असो, जसं दिलं तसं पोचतं. सर म्हणाले, वाचायला अवघड आहे. माझ्या मते हीच त्यातल्या त्यात वाचनीय पद्धत आहे, कारण पलीकडे काय काय गेलं त्याची यादी एका ओळीत समोर असते. -ई मध्ये काय गेलं ते कुणालाच सांगता येत नाही.

पण पासवर्ड असा पाठवू नका. आर्ग्युमेंटं पीएस कमांडमध्ये (चालू प्रोसेसची यादी) मशीनवरच्या कुठल्याही युजरला दिसू शकतात, आणि सूडो चालवलेली कमांड आर्ग्युमेंटांसकट ऑथ लॉगमध्ये लिहितो. कमांडच्या आधी नाव-बरोबर-मूल्य असं लिहिलंत तरी सुटका नाही, सूडो तेही लॉगमध्ये वेगळं नोंदवतो. तो लॉग कुठल्या मध्यवर्ती सर्व्हरवर जात असेल तर पासवर्डही तिकडे गेला. त्यासाठी रूट असतानाच इन्स्टॉल कमांडने एक रिकामी फाइल बनवा, मालक ॲपचा युजर, परवानगी ६०० (वाचणं-लिहिणं फक्त मालकाला), आणि तीत बॅशच्या प्रिंटएफने पासवर्ड लिहा. प्रिंटएफ बॅशच्या आतलाच असल्याने पीएसमध्ये उमटत नाही. पलीकडे फक्त फाइलचा पत्ता द्या, आणि काम झालं की फाइल पुसा. स्टँडर्ड इनपुटवरून पासवर्ड द्यायचा मोह होईल, पण ती वाट हिअरडॉकने आधीच घेतलेली असते. तिसऱ्या क्रमांकाच्या डिस्क्रिप्टरवरून (उघड्या फाइलचा क्रमांक) द्यावा म्हणाल तर सूडो तीनपासून पुढचे सगळे डिस्क्रिप्टर बंद करूनच कमांड चालवतो. बॅशचं प्रोसेस सब्स्टिट्यूशन (कमांडचं आउटपुट फाइलसारखं देणं) सूडोपुढे चालत नाही तेही याच कारणाने.

फोल्डरच्या पत्त्याबद्दल वेगळं सांगतो, कारण तुमच्या स्क्रिप्टमध्ये तो पुढे आरएम -आरएफला जातोय. तो रिकामा असला आणि पुढे स्लॅश व तारा असला तर कमांड मुळापासून सुरू होते. आरएमचं संरक्षण नुसत्या स्लॅशपुरतं आहे, स्लॅश-ताऱ्याला नाही. युजर रूट नसल्याने सिस्टिम वाचेल, पण त्या युजरच्या मालकीचं जे काही असेल, अपलोड, बॅकअप, ते जाईल. सेट -यू लावा, पण ते न ठरवलेलं व्हेरिएबल पकडतं, ठरवून रिकामं राहिलेलं नाही. म्हणून त्या ओळीवर महिरपी कंसात नावापुढे कोलन-प्रश्नचिन्हाचा प्रकार वापरा, रिकामं असलं की स्क्रिप्ट तिथेच थांबते.

-ई अगदी कधीच नको का? ऑफिसच्या प्रॉक्सीसारखं एखाददुसरं, ज्यात गुपित काही नाही असं व्हेरिएबल न्यायचं असेल तर प्रिझर्व्ह-एन्व्ह हा लांब पर्याय घ्या आणि त्यापुढे नावं लिहा. २०१७ च्या १.८.२१ आवृत्तीपासून सूडोला ही यादी देता येते. त्यासाठीही सूडोच्या नियमांत परवानगी लागते, ती नसली तर तो सरळ नकार देतो. स्वतःच्या लॅपटॉपवर एकटेच असाल तर हवं ते करा, माझा आक्षेप दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टला आहे.

एसयूच ठेवायचं असेल तरी आर्ग्युमेंटं देता येतात: -सी नंतरची कमांड सिंगल कोटमध्ये, आणि पुढे मूल्यं. फक्त पहिलं मूल्य डॉलर शून्यात जातं, म्हणून आधी एखादा नाममात्र शब्द द्या. आणि ॲपच्या युजरचा शेल नोलॉगिन (लॉगिन नाकारणारा) असेल तर नुसता एसयू तुम्हाला आत घेणार नाही. सूडोने थेट बॅश चालवलात तर तो अडथळा येत नाही.