वरून ओढ्यात शिरू नकोस

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. हिवाळ्यातल्या एका दिवसात अनोळखी डोंगर आणि त्यांतले ओढे पाहून यायचे, हा बेत मला मान्यच आहे. परंतु परतीसाठी तू नकाशावर ओढ्याची निळी रेघ गिरवली आहेस आणि ‘डोंगरधारेने परतावे की पाण्याबरोबर उतरावे, हे उमगत नाही’ असे लिहिले आहेस, तिथे मी अडलो. ज्या वाटेने चढशील, त्याच वाटेने उतर. अनोळखी ओढ्यात वरून शिरू नकोस.

पाणी वस्तीकडे नेते, असे तू म्हणतोस. पण पाण्याला कड्यावरून कोसळता येते, तुला येत नाही. समोच्चरेषांचे, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचे, टोक चढाकडे वळले की घळ आणि उताराकडे वळले की सोंड, म्हणजे खाली उतरत गेलेली धार, एवढे तुला कळते. मात्र दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचे अंतर असेल, तर १५ मीटरचा उभा कातळ त्यांच्यामध्ये सहज दडतो.

तुझ्या वयाचा असताना, तासभर वाचेल म्हणून, दुपारी तीन वाजता मी एका नाळेत, म्हणजे उभ्या अरुंद घळीत, उतरलो. पहिल्या कातळटप्प्यावरून आम्ही दोघांनी उड्या मारल्या आणि परतीची वाट तिथेच संपली, कारण तो टप्पा पुन्हा चढणे आम्हाला शक्य नव्हते. पुढे कडा लागला. सोबत्याचा पाय मुरगळला होता, आणि डोंगरावरची जड, गार हवा रात्री जिथे उतरून साचते, त्याच घळीत आम्ही सकाळपर्यंत कुडकुडत बसलो. नाळेचा आग्रह माझा होता. त्याची माफी मागायला मी वर्ष लावले, याची खंत अजून जात नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, चढलेल्या वाटेनेच उतर. चढताना सोंडा एकमेकींना मिळत जातात, उतरताना त्याच फुटतात. तेव्हा प्रत्येक फाट्यावर मागे वळून ती जागा उतरणाऱ्याच्या नजरेने पाहून ठेव. वेळेचे म्हणशील, तर स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ सालचा हिशेब ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास असा आहे. तुझ्या १५ किलोमीटर आणि ९०० मीटर चढाला त्याने साडेचार तास येतात. अनोळखी मुलखात मी त्यात निम्मी भर घालून पावणेसात तास धरतो. माघारीची वेळ त्यावरून घरीच ठरव, कारण उशीर झाला की ओढा जवळचा वाटू लागतो.

माथा अर्ध्या तासावर असताना मी अनेकदा मागे फिरलो आहे. त्यापायी काही सोबत्यांनी मला बरोबर नेणे सोडले. वाईट वाटले, पण मी चुकलो असे मला आजही वाटत नाही. त्या प्रत्येक दिवशी आम्ही सगळे उजेडात, ओळखीच्या वाटेने खाली आलो.

ओढा पाहायचाच असेल, तर खालून वर चढत पाहा, आणि जिथून परत उतरता येणार नाही असे वाटेल, तिथेच थांब. ती निळी रेघ खोडून नवा आराखडा या आठवड्यात मला पाठव. माघारीची वेळ त्यावर लिहायला विसरू नकोस.