वाचकांचे प्रश्न : दूतावासाची फी आणि तक्रार

प्रश्न : मुलगा दुबईत असतो. पासपोर्ट नूतनीकरणाला तिथल्या सेवा केंद्रानं (दूतावासाच्या वतीनं अर्ज घेणारी खासगी कंपनी) सरकारी फीपेक्षा बरेच जास्त पैसे घेतले. इथून तक्रार करता येईल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : येईल, पण आधी त्याच्याकडून पावतीचा फोटो मागवा. पावतीवर सरकारी फी, भारतीय समुदाय कल्याण निधीची (परदेशात अडचणीत आलेल्या भारतीयांच्या मदतीसाठी) छोटी रक्कम आणि केंद्राचा सेवाआकार असतो. हे तिन्ही द्यावेच लागतात. फोटो, झेरॉक्स, फॉर्म भरणं, एसएमएस, कुरिअर हे सहसा ऐच्छिक. फुगवटा बहुतेक इथंच असतो, कारण घाईत माणूस न वाचता सही करतो. न मागितलेली सेवा लावली असेल, तर पहिला ईमेल केंद्राला आणि दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासाला पाठवावा, पावती जोडून.

दाद लागली नाही, तर परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल (2015 पासून) आहे. त्यावर तुम्ही खानापुरातूनही तक्रार नोंदवू शकता. पासपोर्ट क्रमांक, पावती क्रमांक, तारीख आणि नेमकी जादा रक्कम लिहा. नुसतं 'लुबाडलं' लिहिलं तर चौकशी करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

पासपोर्टला उशीर होत असेल, तर गावच्या पोलीस ठाण्यातही विचारा. पत्ता बदललेला असला की पोलीस पडताळणी तिथं अडू शकते.