दोन एकर विकायचे, की घरकामाला बाई ठेवायची?

प्रश्न: वय ४४, दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहते. स्तनाचा कर्करोग हाडांत पसरला आहे, चौथा टप्पा. उपचार नागपूरला जनआरोग्य योजनेतून चालू आहेत: रोजची गोळी आणि दर चार आठवड्यांनी हाडांचं इंजेक्शन. यांच्या नावावर ५ एकर वावर, त्यातल्या एका तुकड्यात विहीर. एफडी १ लाख ८० हजार, सोनं ४ तोळे, पीककर्ज १ लाख २० हजार, बचत गटाचं कर्ज ४० हजार. लाडकी बहीण आणि पीएम किसानचे पैसे येतात. दोन एकरांचे १३ लाख द्यायला गिऱ्हाईक तयार आहे. हे म्हणतात विकून मोकळं होऊ. सासूबाई म्हणतात, अमरावतीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला घरी आणा. मला वाटतं कामाला बाई असावी, पण घरात तो खर्च कोणाला पटत नाही. काय करावं?

उत्तर:

ताई, वावर आत्ता विकू नका, मुलीला आणू नका, आणि बाई याच महिन्यात ठेवा. घरच्यांना हे तोंडी सांगून पटणार नाही, म्हणून हिशेबच मांडतो.

तुमचा मोठा खर्च योजनेवर आहे. महात्मा फुले आणि आयुष्मान भारत एकत्र झाल्यापासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ते अख्ख्या घराचं मिळून आहे, सासूबाईंचं ऑपरेशन निघालं तर तेही त्यातूनच जाणार, एवढं ध्यानात ठेवा. म्हणजे १३ लाखांची गरज दवाखान्यासाठी आज नाही. मग घरात ओढाताण कसली होते आहे? तुमच्या दोन हातांची. निंदण, वेचणी, पाणी, कपडे, स्वयंपाक हे सगळं आजवर फुकट होत होतं म्हणून त्याचा आकडा कोणी कधी मांडला नाही. दोन एकरांत १२ क्विंटल कापूस धरा. वेचणी किलोमागे १० रुपये धरली तरी १२,००० रुपये नुसत्या वेचणीचे. पुढच्या हंगामात ते रोख मोजावे लागतील, निंदणाची मजुरी वेगळी.

म्हणून विहिरीपासून लांबचे दोन एकर गुढीपाडव्याला एका वर्षाच्या मक्त्याने द्या. एकरी १२,००० धरले तर २४,००० येतील आणि तुमच्या यजमानांना तीनच एकरांचं काम राहील. मक्ता तोंडी ठेवू नका. साध्या कागदावर गट नंबर, मुदत, रक्कम आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. अर्धे पैसे पाडव्याला, उरलेले पेरणीआधी. पीक निघाल्यावर देतो म्हणणाऱ्याला देऊ नका, पाऊस हुकला की भांडण ठरलेलं. एकाच माणसाला वर्षानुवर्षं देत राहणंही टाळा आणि सातबारा दरवर्षी काढून बघा. आपल्याकडे कुळाचा धाक लोक उगाच बाळगत नाहीत.

आता महिन्याचा खर्च. सकाळी अडीच तास येणारी बाई ३,०००, संध्याकाळी तासभर पोळ्या-भाजीला दुसरी १,५००. नागपूरच्या फेऱ्या सरासरी २,५००: एसटीत तुमचं अर्धं तिकीट, यजमानांचं पूर्ण, जेवण, ऑटो, आणि अंगात त्राण नसेल त्या वेळच्या भाड्याच्या गाडीसाठी थोडं बाजूला. योजनेबाहेरच्या तपासण्या आणि औषधं २,०००. दूध, अंडी, फळं १,०००. झाले १०,०००, वर्षाचे १ लाख २० हजार. समोर मक्ता २४,०००, लाडकी बहीण १८,०००, पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून १२,०००, म्हणजे ५४,०००. वर्षाला ६६,००० कमी पडतात. एफडीतून १५,००० पुढे सांगतो त्या सामानाला काढले तरी उरलेल्या १ लाख ६५ हजारांत अडीच वर्षं निघतात, वावराला हात न लावता. यात पीएम किसानचे पैसे आजवर बियाण्याला जात असतील, तर ती सवय मात्र मोडावी लागेल.

एफडी एकच मोठी असेल तर मोडल्यावर सगळ्या रकमेचं व्याज घटतं. मुदत संपली की तिचे तीन तुकडे करा: तीन महिने, सहा महिने आणि एक वर्ष.

बाईबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे इथेच वाया जातात. आपल्या भागात दिवाळी ते संक्रांत बाई टिकत नाही. वेचणीला दिवसाची चांगली रोजी पडते, तुमच्या महिन्याच्या ३,००० साठी ती का थांबेल? तेव्हा तरण्या बाईच्या मागे लागू नका. जिचं वावरात जाणं आता सुटलं आहे अशी साठीकडे झुकलेली, हातपाय चालणारी बाई संध्याकाळच्या स्वयंपाकाला ठेवा. ती हंगामातही येईल. सकाळच्या कामाला दुसरी, आणि वेचणीच्या तीन महिन्यांत तिला ५०० वाढवून द्या, पण तिची वेळ पहाटे साडेपाचची करा म्हणजे ती आठला वावरात जाऊ शकेल. कामं पहिल्याच दिवशी बोलून घ्या: पाणी भरणं, झाडलोट, भांडी, कपडे, कणीक मळून ठेवणं. महिन्याला दोन सुट्ट्या. उचल अर्ध्या महिन्याच्या वर नाही. खाडे कॅलेंडरवर तिच्यासमोरच लिहा. जाऊ किंवा नणंद मदतीला आली तर तिलाही पैसे ठरवूनच द्या, नाहीतर दोन महिन्यांनी रुसवा येतो आणि काम पुन्हा तुमच्यावर पडतं.

भरलेला हंडा पंधरा किलोच्या घरात जातो. हाडांत आजार असताना तो उचलला आणि हाड मोडलं, तर ऑपरेशन आणि अंथरूण. त्या महिन्याचा खर्च बाईच्या वर्षाच्या पगाराला भारी पडेल. किती वजन चालेल, वाकायचं किती, हे पुढच्या फेरीत डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी घरात सगळ्यांना वाचायला द्या. बाईचा खर्च पटवायला माझ्या हिशेबापेक्षा तिचा जास्त उपयोग होईल.

१५,००० चं सामान असं: सेमी-ऑटोमॅटिक कपड्याचं मशीन, नळ बसवलेला २०० लिटरचा ड्रम लोखंडी स्टँडवर, आणि कमोड खुर्ची. मशीन पूर्ण ऑटोमॅटिक घेऊ नका. त्याला नळाचा दाब लागतो आणि मधेच वीज गेली तर भरलेल्या पाण्यात कपडे तसेच अडकतात. सेमीत बादलीने पाणी घालता येतं. ओले कपडे सुकवायच्या भांड्यात बाईनेच टाकायचे. ड्रमचा नळ उभ्याने कळशी भरता येईल इतका उंच हवा. चूल जमिनीवर असेल तर गॅस ओट्यावर घ्या.

दवाखान्यात योजनेबाबत एकच सवय लावा: बाहेरून काही आणायला सांगितलं की दुकानात जायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, विचारा, हे योजनेच्या पॅकेजात बसतं का. घरी घ्यायच्या गोळ्यांच्या बाबतीत इथेच गोंधळ होतो. पॅकेजातल्या गोष्टीला पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करता येते. रेशनकार्ड आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर रेशनकार्डवरचं तहसीलमधून, आधारवरचं आधार केंद्रातून आत्ताच दुरुस्त करा, मंजुरी अडली की इंजेक्शनची तारीख पुढे जाते. कधी टाटाला मुंबईला पाठवलं तर रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म दवाखान्यातून भरून घ्या: स्लीपर आणि थ्री-एसीत तुम्हाला भाडं नाही, सोबतच्याला ७५ टक्के सूट. संजय गांधी निराधारच्या यादीत कर्करोग आहे, पण वर्षाला २१,००० उत्पन्नाची अट आहे आणि त्यातले १,५०० घेतले तर लाडकी बहीण बंद होते. त्यात हेलपाटे घालू नका.

कर्जांचं थोडक्यात. पीककर्ज मुदतीत भरा, ३ लाखांपर्यंत बिनव्याजी राहतं. थकलं की ती सवलत गेली आणि पुढच्या वर्षी नवं कर्जही अडतं. गटाच्या बैठकीत ठराव करून हप्ता लहान करून घ्या. सोन्यावर कर्ज महिन्याच्या खर्चाला काढू नका. ते अचानक लागणाऱ्या एखाद्या मोठ्या रकमेसाठी ठेवा. आणि सोनं तुमचं आहे, त्याचा निर्णय तुमचाच.

विकायची वेळ कधी येईल तेही सांगून ठेवतो. आजार गोळीला दाद देईनासा झाला आणि डॉक्टरांनी योजनेबाहेरचं महागडं औषध सुचवलं, तर त्यांना तीन गोष्टी विचारा: त्याने साधारण किती काळ मिळेल, त्रास काय होईल, स्वस्त पर्याय आहे का. ही उत्तरं ऐकून तुम्हाला ते घ्यावंसं वाटलं, तरच विका, आणि दोन नाही, एकच एकर. विहिरीचा तुकडा आणि पांधणीचा रस्ता हातचा जाऊ देऊ नका. सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा आहे, तो आधी उतरवावा लागेल, म्हणजे १ लाख २० हजार तिथेच गेले. शहराच्या हद्दीपासून लांबच्या शेतजमिनीवर नफ्याचा कर लागत नाही, पण पैसे बँकेतूनच घ्या. २० हजार किंवा त्याहून जास्त रोखीने घेतले तर तेवढाच दंड होऊ शकतो.

आणखी एक काम मे महिन्याच्या आत करा. तुमच्या खात्यातून जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये कापले जातात का, ते पासबुकात बघा. जात असतील तर २ लाखांचं संरक्षण चालू आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात ५०० रुपये असलेच पाहिजेत, आणि वारस म्हणून मुलीचं नाव घालून घ्या.